बंडोपंतायची यंत्रणा

आमच्या ऑफिसचं नाव मी सांगणार नाही. बालाघाटात ऑफिसं काही कमी नाहीत, अन् नाव सांगितलं तं उद्या मलेच नोटीस येईल. सव्वीस वर्षं झाली, मी तिथं आवक-जावकच्या टेबलावर आहो. माझं नाव मंजू. कागद आला की शिक्का मारायचा, कागद गेला की शिक्का मारायचा. मधल्या काळात त्या कागदाचं काय होते ते देवालेच माहीत.

पण मले सांगायचं आहे ते बंडोपंतायबद्दल. बंडोपंत म्हणजे आमच्या ऑफिसचे जुने हिंदी स्टेनो. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी आठवड्यातून दोनदा येऊन बसतात, कारण त्यायच्याशिवाय ऑफिसात कोणाले धड हिंदी लिहिता येत नाही. घर अस्सल मराठी, बायको मधुवंतीकाकू नागपूरची, पण हिंदी अशी की ग्वालियरहून बदलून आलेला साहेब पण यायच्यापुढं तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार करे. सगळे त्यायले पंडितजी म्हणत. साहेब पण म्हणत, चपराशी पण म्हणत.

अन् चूक दिसली की हा माणूस सोडत नसे, बापा. लग्नाले गेले तं आहेर द्यायच्या आधी पत्रिका दुरुस्त करून देत. 'आयुष्मती' पाह्यजे, 'आयुष्यमती' काहून छापलं? मेन रोडवरच्या मिठाईवाल्याच्या पाटीवर 'मिष्ठान्न' लिहिलं होतं. बंडोपंत रोज जाता-येता थांबून सांगत, भाई, 'ठ' नहीं, 'ट'. वर्षभर सांगितलं. शेवटी त्यानं वैतागून पाटी पुसली अन् नुसतं 'स्वीट्स' लिहिलं.

आम्हा मराठी लोकायवर तं त्यायची खास नजर. कारण आमची गोष्टच वेगळी आहे. आम्ही हिंदी लिहितो, पण डोक्यात मराठी शिजत असते, अन् काही शब्द असे दगाबाज की दोन्हीकडं दिसतात सारखे, अर्थ निघतो भलताच. एका नव्या बाबूनं नोटशीटवर लिहिलं, "चौकीदार ड्यूटी पर सो गया था। उसे शिक्षा मिलनी चाहिए।" साहेबानं बाजूले लिहिलं, "सहमत। किस विद्यालय में?" दुसऱ्या एकानं रागारागानं 'राजीनामा' लिहून दिला. हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता. साहेबाले वाटलं भांडण मिटलं, त्यानं याले केबिनमधी बोलावून चहा पाजला. तेव्हापासून बंडोपंतायनं अशा दगाबाज शब्दायची एक वही केली होती अन् नवा मराठी माणूस भरती झाला की पहिल्या दिवशी त्याले ती वाचायले लावत.

अडतीस वर्षं या माणसानं साहेबायची भाषणं लिहिली. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, पूर, पोलिओ, धान, जंगल, निरोप समारंभ. लिहायचं यायनं, वाचायचं साहेबानं, हार साहेबाच्या गळ्यात. एकदा मी म्हटलं, "पंत, एखाद्या भाषणात तुमचं नाव तं येऊ द्या कुठं." तं म्हणाले, "नाव कशाला, मंजू? अडतीस वर्षांत कुणी माझी एक चूक काढून दाखवलेली नाही. तेवढं पुरे." असं म्हणताना मान अशी ताठ होई की विचारू नका.

तं यंदा फेब्रुवारीत भोपाळहून एक पत्र आलं. देशात बनलेला नवा मायक्रोप्रोसेसर निघून राह्यला होता. नाव 'समवेत', चौसष्ट कोरचा, समांतर गणनेसाठी. चिप समांतर आहे, म्हणून वरच्या कोण्या डोकेबाज माणसाले वाटलं का त्याचं लोकार्पण पण समांतर झालं पाह्यजे. सगळ्या जिल्ह्यांत, एकाच दिवशी, सकाळी अकरा वाजता. प्रत्येक जिल्ह्याले एक कॉम्प्युटर पाठवणार, त्यात ती चिप. आमच्या साहेबानं त्यावरचा पडदा ओढायचा अन् टाळ्या घ्यायच्या.

पत्र माझ्याच टेबलावर आलं. आता खरं सांगते. त्या दिवशी पत्रं होती नव्वद, अन् जेवायची सुट्टी व्हायले दहा मिनिटं होती. मी 'माइक्रो' एवढंच वाचलं अन् रजिस्टरात विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'माइक बाबत'. झालं. पत्र गेलं मंडप अन् माइक पाहणाऱ्या टेबलावर. चार दिवसांनी कळलं तोवर आमच्या बडेबाबूनं, म्हणजे गजेंद्रनं, गोंदियाहून असे जंगी स्पीकर ठरवून टाकले होते की आमच्या ऑफिसाच्या जन्मात कधी आले नव्हते. पत्रात 'अत्याधुनिक' लिहिलं होतं नं! मी चूक कबूल केली तं गजेंद्र म्हणाला, "राहू द्या मंजूबाई, आता ऑर्डर गेली."

समांतर म्हणजे काय, हे आख्ख्या ऑफिसात एकाच जिवाले समजत होतं, ती म्हणजे श्रुतिका. आमची कॉम्प्युटर ऑपरेटर. पोरगी बैहरकडची, चोवीस वर्षांची, इथं खोली करून राहते. नोकरी ठेक्याची, दर मार्चले करार संपते अन् साहेबाची मर्जी असली तं पुढच्या वर्षाचा होते. मी तिले विचारलं, "काय बाई आहे हे?" ती म्हणाली, "काकू, साधा प्रोसेसर एक काम संपलं की दुसरं घेते. हा एका कामाचे चौसष्ट वाटे करते अन् सगळे वाटे एकदम करते. वैनगंगेले पूर येईल का, याचा हिशेब करायले जिथं दिवस लागते, तिथं अर्धा तास."

मी म्हटलं, "अवं, मंग हे तं आमच्या खैरलांजीकडचं धानाचं रोवणं झालं! वीस बाया एका रांगेत उभ्या राहतात, जिची-तिची पात, अन् दुपारपावेतो आख्खी बांधी हिरवी."

"बस, तेच काकू," ती हासली.

मंग मले आमचं ऑफिस आठवलं. आमच्याकडं चौसष्ट नाही, पण बेचाळीस लोक आहेत. एक फाईल अकरा टेबलांवरून जाते, अन् ज्या टेबलावर ती नसते ते सगळे ती यायची वाट पाहत बसतात. वाट पाहायचं काम मात्र आम्ही सगळे एकदम करतो.

साहेबानं सांगितलं, भाषण शुद्ध हिंदीत पाह्यजे, वज़नदार पाह्यजे. वरून आलेली इंग्रजी टिपणी होती अकरा पानांची. अर्थात पंडितजींले फोन गेला. बंडोपंत इस्त्रीचा सदरा घालून आले अन् तीन दिवस श्रुतिकाच्या बाजूले खुर्ची टाकून बसले. ते बोलत, ती टाइप करत जाई. माझं टेबल तिथंच, म्हणून हे मी माझ्या कानानं ऐकलेलं आहे. 'पॅरलल कंप्युटिंग सिस्टिम' आलं तं पंत डोळे मिटून म्हणाले, "समानांतर संगणन यंत्रणा."

श्रुतिकाची बोटं थांबली. "सर, यंत्रणा? हिंदी में थोडा अजीब नहीं लग रहा?"

"काय अजीब? मग काय लिहिणार, तंत्र? तंत्र म्हटलं की लिंबू-मिरची डोळ्यापुढं येते. यंत्र आहे, म्हणून यंत्रणा. लिही."

"सर, एकदा नेटवर पाहून घेऊ का?"

बंडोपंतायनं चष्मा काढला. "बेटा, मी लिहायला लागलो तेव्हा तुझे वडील शाळेत होते." बिचारीनं मुकाट्यानं टाइप केलं. पुढं सारखं-सारखं 'समानांतर संगणन यंत्रणा' लांब होते म्हणून पंतायनं 'संगणन' काढून टाकलं. कुठं 'समानांतर यंत्रणा' ठेवलं, कुठं नुसतं 'यंत्रणा'.

लोकार्पणाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. भरलं म्हणजे भरवलं. खुर्च्या रिकाम्या दिसू नये म्हणून एका कॉलेजातून दीडशे पोरं-पोरी आणल्या होत्या, सोबत त्यायच्या हिंदीच्या मॅडम. स्टेजवर टेबल, टेबलावर तो कॉम्प्युटर, त्याच्यावर जरीचा पडदा अन् हार, पुढं नारळ. निमंत्रण-पत्रिकेत 'चीफ गेस्ट'चं 'चिप गेस्ट' झालं होतं, पण त्या दिवशी ते पण खपून गेलं. दिल्लीहून व्हिडिओवर मोठं भाषण येणार होतं. अकरा वाजता मोठ्या स्क्रीनवर एक गोल चक्र फिरायले लागलं, अन् सव्वाअकरापर्यंत ते फिरतच राह्यलं. मंग साहेब म्हणाले, चला, मीच सुरू करतो.

अन् गोंदियाचे स्पीकर असे काही वाजले म्हणता! आमच्या कार्यक्रमात आजवर भाषण म्हणजे अर्धं कुईं-कुईं अन् अर्धं घुर्रर्र. लोक आपापसात गप्पा करत, आम्ही बाया भाजीचे भाव बोलत. त्या दिवशी साहेबाचा एकेक शब्द मागच्या भिंतीवर जाऊन आदळत होता. बोलायची सोयच राह्यली नाही, म्हणून सगळे ऐकायले लागले.

साहेबानं कागद धरला. "आज का दिन ऐतिहासिक है। आज से हमारे ज़िले में समानांतर यंत्रणा का शुभारंभ हो रहा है।"

आम्ही मराठी लोकायनं टाळ्या वाजवल्या. हिंदीच्या मॅडमनं मान वर केली.

"अब तक शासन के पास एक ही यंत्रणा थी। आज से चौंसठ यंत्रणाएँ एक साथ काम करेंगी।"

मॅडमनं रुमाल तोंडाले लावला अन् बाजूच्या पोरीले काहीतरी सांगितलं. त्या पोरीनं पुढच्या पोरीले सांगितलं. रांगेरांगेनं हासू पुढं सरकत आलं. साहेबाले वाटलं, भाषण रंगून राह्यलं. त्यायनं आवाज चढवला. "मैं विश्वास दिलाता हूँ, यह यंत्रणा अंतिम व्यक्ति तक पहुँचेगी! बूढ़े, बच्चे, महिलाएँ, कोई इससे वंचित नहीं रहेगा!"

सभागृह कोसळलं. अर्धे लोक पोट धरून हासून राह्यले, अर्धे टाळ्या वाजवून राह्यले. मी टाळ्यावाल्यात. बाजूच्या पोरीले विचारलं, "काय झालं वं?" ती डोळे पुसत म्हणाली, "आंटी, यंत्रणा मतलब यातना। टॉर्चर!"

माझे हात तसेच हवेत राह्यले. पहिल्या रांगेत, कोपऱ्यावर, बंडोपंत बसले होते. त्यायनं वळून हासणाऱ्या पोरायकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं. त्यायले अजून कळलं नव्हतं. घरी जाईपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळपावेतो तो व्हिडिओ सगळ्यायच्या मोबाइलवर. 'बालाघाट को मिली चौंसठ यंत्रणाएँ'. भोपाळहून साहेबाले फोन आला अन् साहेबाचं तोंड असं झालं की केबिनमधी चहा घेऊन जायले कोणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. चौकशी अधिकारी कोण? गजेंद्र.

गजेंद्रचं डोकं कसं चालते ते पाहा. साहेबाची चूक असू शकत नाही, कारण ते साहेब आहेत. पंडितजींची असू शकत नाही, कारण ते पंडितजी आहेत, अन् उद्या पंधरा ऑगस्ट आला तं भाषण कोण लिहीन? मंग उरली मशीन. गजेंद्रनं झोकात लिहून टाकलं, की नवीन प्रोसेसरनं अनुवादात गडबड केली. तो कॉम्प्युटर अजून कोणी चालू पण केला नव्हता, त्याच्यावर हार तसाच होता. पण कोणीतरी समजावलं, अबे, ही चिप देशाची शान आहे, तिच्यात खोट काढली तं तू नोकरीतून जाशील. मंग गजेंद्रनं ते खोडलं अन् खाली लिहिलं, "ऑपरेटर की लापरवाही।" ऑपरेटर म्हणजे श्रुतिका. करार संपायले बारा दिवस होते. पुढचा होणार नाही, असं तिले तोंडी सांगून टाकलं.

ती माझ्या टेबलाजवळ आली. रडत नव्हती, तेच मले जास्त लागलं. म्हणाली, "काकू, मी पंतसरांचं नाव नाही घेतलं. कोणी विश्वासच नाही ठेवणार. आता बैहरले जावं लागते. घरी लग्नाचं पाहूनच राह्यले आहेत, नोकरी आहे म्हणून मी अडवून धरलं होतं."

माझं टाळकं सरकलं. मी रजिस्टर बंद केलं, स्कूटी काढली अन् सरळ बंडोपंतायच्या घरी. मधुवंतीकाकूनं दार उघडलं. "बरं झालं आलीस बाई. दोन दिवस झाले, जेवणाचं नाव नाही. शब्दकोश घेऊन बसलेत. मी म्हटलं, झालं तरी काय? तर म्हणतात, माझी लाज गेली."

आत पंत जमिनीवर बसले होते. आजूबाजूले तीन जाडजूड कोश उघडे. मले पाहून म्हणाले, "मंजू, तिन्हींत तेच आहे. पीडा, यातना. माझ्या वहीत एकशे सत्तर शब्द आहेत. हा एकच कसा गं सुटला?"

"शब्दाले घाला चुलीत!" मी म्हटलं. लाज-शरम काही ठेवली नाही. "तुमच्या त्या एका शब्दापायी श्रुतिकाची नोकरी जाऊन राह्यली, तुम्हाले माहीत आहे का? तिनं विचारलं होतं तुम्हाले. मी ऐकलं होतं. नेटवर पाहू का म्हणत होती. तुम्ही तिले गप्प केलं."

बंडोपंतायनं पुढ्यातला कोश मिटला. मंग खाली मान घालून म्हणाले, "गजेंद्रचा फोन आला होता काल. म्हणाला, ऑपरेटर ने गड़बड़ कर दी, पंडितजी, आपसे तो गलती हो ही नहीं सकती।"

"मंग तुम्ही काय म्हटलं?"

"मी 'हूँ' म्हटलं."

मले त्यायचा राग पण आला, अन् त्याच वेळेस वाईट पण वाटलं. वडिलायच्या वयाचा माणूस. मी एवढंच म्हटलं, "पंत, ती पोरगी बारा दिवसांनी बैहरच्या बसमधी बसन." त्यायनं भिंतीले धरून उठायची धडपड केली. मधुवंतीकाकूनं सदरा आणून दिला. इस्त्री नव्हती, तसाच घातला.

साहेबाच्या केबिनमधी गजेंद्र पण होता. बंडोपंत उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, गलती मेरी है। शब्द मैंने लिखवाया था। उस लड़की ने तो टोका था।"

तुम्हाले वाटलं असन, झालं, सुटली पोरगी. साहेब उठले अन् त्यायनं पंतायचा हात दोन्ही हातात घेतला. "पंडितजी, यह आपका बड़प्पन है। बच्ची को बचाने के लिए अपने सिर ले रहे हैं।"

"नहीं सर, सच में मेरी गलती है।"

"आपसे? असंभव।"

"सर, मैं कह रहा हूँ ना!"

गजेंद्र गालातल्या गालात हासून म्हणाला, "पंडितजी, कोई प्रमाण है? आपके हाथ का लिखा कुछ?" नव्हतं. सगळं तोंडी सांगितलेलं. मी मधी बोलायले गेली तं गजेंद्र म्हणाला, "मंजूबाई, तुमी तं मायक्रोले माइक लिहिलं होतं, तुमी राहू द्या." अशी चीड आली! पण खोटं थोडंच बोलत होता मेला.

मी आजवर लोकायले चूक नाकारताना पाह्यलं आहे. आमचं आख्खं ऑफिस त्यावर चालते. पण स्वतःची चूक स्वतःच्या नावावर करून घ्यायले कोणी असं गयावया करते, हे पहिल्यांदा पाह्यलं. पंतायचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "प्रमाण चाहिए? रिकॉर्ड रूम खुलवाइए।"

रेकॉर्ड रूमची किल्ली महागूकडं असते. महागू आमचा दफ्तरी, तो पण रिटायरमेंटले आलेला. त्यानं कुलूप काढलं, लाल कापडाचे बस्ते खाली उतरवले, धूळ झटकली. बंडोपंत स्टुलावर बसले, लाल पेन्सिल घेतली अन् स्वतःची भाषणं काढायले लागले, पहिल्या सालापासून. पिवळे पडलेले टाइपचे कागद. साहेबायच्या सह्या खाली, हस्ताक्षरात दुरुस्त्या पंतायच्या.

"हे एक," ते म्हणाले अन् शब्दाखाली रेघ मारली. मी वाचलं. पुराच्या वर्षीचं होतं. "बाढ़-पीड़ितों के लिए शासन ने विशेष यंत्रणा की व्यवस्था की है।"

मले हासू आलं. महागूले पण. पंत पण थोडं हासले. "हे पाहा, पोलिओ. 'पाँच वर्ष से छोटे हर बच्चे तक हमारी यंत्रणा पहुँच चुकी है।'" पुढचं पंधरा ऑगस्टचं. "अंग्रेज़ जो यंत्रणा छोड़ गए थे, उसे हमने और मज़बूत किया है।" महागू तं बस्त्यावर बसूनच गेला हासता-हासता. एका साहेबाच्या निरोपाचं निघालं, "आपने इस कार्यालय की यंत्रणा को नई ऊँचाई दी।" मी म्हटलं, "पंत, हे तं खरंच लिहिलं तुम्ही, तो होताच तसा!"

पण पाच-सहा भाषणं झाल्यावर पंतायचं हासणं थांबलं. नुसतं पान उलटत, शब्द शोधत, रेघ मारत. मंग महागू नुसते बस्ते सोडत गेला, मी कागद लावत गेली. दोन दिवस आम्ही ते करत होतो. तेवीस भाषणं निघाली.

तेवीस कागदायचा गठ्ठा बंडोपंतायनं साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला. "यह प्रमाण है, सर। अड़तीस साल से यही गलती कर रहा हूँ।"

साहेब पहिले दोन वाचून खो-खो हासले. तिसऱ्याले खालची सही पाह्यली अन् हासू आटलं. चौथी पाह्यली, पाचवी पाह्यली. ज्यायनं-ज्यायनं ही भाषणं वाचली होती, त्यातले तिघं आता भोपाळले मोठ्या खुर्चीवर होते, अन् एकजण तं आमच्या साहेबाचाच साहेब. पोलिओवालं त्याचंच होतं.

"ये किसी और ने देखे हैं?"

"जी, मंजूजी ने और महागू ने।"

साहेबानं पाण्याचा अख्खा ग्लास पिऊन टाकला. "बड़े बाबू, यह जाँच किसने बिठाई थी?"

"सर, आपने."

"बंद कीजिए। लिखिए, मुद्रण त्रुटि। किसी का दोष नहीं।" मंग अंमळ थांबून, "और उस लड़की का कॉन्ट्रैक्ट आज ही निकालिए।"

असं झालं. श्रुतिकाचा करार त्याच दिवशी निघाला, जावकचा शिक्का मी स्वतः मारला, दाबून मारला. ती आता पण तिथंच बसते. तो चौसष्ट कोरवाला कॉम्प्युटर साहेबाच्या केबिनबाहेर काचेत ठेवला आहे. चालू करायचा आदेश कोणी काढायचा हे ठरत नाही, फाईल सातव्या टेबलावर आहे.

त्या दिवशी मी खूश होऊन बाहेर आली तं बंडोपंत ऑफिसच्या पायरीवर बसलेले. दुपारचे तीन वाजले असतील. मी बाजूले बसली. म्हटलं, "पंत, वाचवली तुम्ही पोरगी. चला, आता काकूच्या हातचं पोटभर जेवा."

ते समोर रस्त्यावरच्या ऑटोकडं पाहत होते. म्हणाले, "तेवीस भाषणं, मंजू. हजारो लोक बसलेले असायचे. साहेब असायचे, मास्तर असायचे, वकील असायचे. त्यातल्या कित्येकांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली असणार."

"हौ."

"मला वाटायचं, माझी चूकच होत नाही, म्हणून कुणी काढत नाही." त्यायचा आवाज एकदम बारीक झाला. "कुणी ऐकतच नव्हतं गं."

त्यायचे डोळे भरले होते. मी माझ्या हाताकडं पाह्यलं. त्या तेवीसमधल्या नऊ भाषणांवर जावकचा शिक्का माझ्या हातचा होता, अन् मी त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं.